साडेनऊची तुकडी

तीन महिने आधी घ्या. हे मी सगळ्यांनाच सांगते,
बहिणीच्या नणंदेला, केस कापणाऱ्या बाईला,
मालागाहून फोन करणाऱ्या त्या लांबच्या चुलतभावाला,
ज्याला वाटतं, मी अल्हाम्ब्रात कामाला म्हणजे महाल माझाच.
तीन महिने. आणि वेळ नीट वाचा:
ती डोंगराच्या पायथ्याची नाही,
मोठ्या फाटकाचीही नाही,
ती माझ्या दाराची.
फाटकापासून माझ्यापर्यंत वीस मिनिटं चाल आहे
आणि वाटेत गुलाब आहेत.
लोक गुलाबांपाशी चुकतात.

गोमेरेसच्या चढावरून या, एल्मच्या सावलीतून,
न्यायाच्या दरवाजाने. तिकडे गर्दी कमी.
पासपोर्ट हातात असू द्या, पिशवीच्या तळाशी नको.
बाकी आत गेल्यावर
कुणाला काही सांगावं लागत नाही.

नऊ वर्षं या उंबऱ्याशी उभी आहे मी.
हातातलं यंत्र दोनच रंग जाणतं.
तांबडा लागला की माणसं आधी यंत्राकडे बघतात,
मग माझ्याकडे, मग एकमेकांकडे,
आणि तिथून पुढचं भांडण
मला कुठल्याही भाषेत कळतं:
तरी मी म्हणत होते, लवकर निघू.
एकदा एका नवरदेवाने मला अंगठी देऊ केली होती,
सात मिनिटांच्या बदल्यात.
वरातीमागून घोडं. नाही म्हटलं.
नाही म्हणायचाच पगार मिळतो मला.

एप्रिलमधला बुधवार. सिएराच्या खांद्यावर अजून बर्फ.
साडेनऊच्या तुकडीत सगळ्यात पुढे एक म्हातारा,
हाएनकडचा, ऑलिव्हवाला, हातांवरूनच कळलं.
सदऱ्याला इस्त्री, बहुधा स्वतःच केलेली,
कॉलरची एकच बाजू बसलेली.
सव्वाआठपासून उभा होता.
दोन तिकिटं. एक माणूस.

"दुसऱ्या बाई?"
विचारावंच लागतं.
त्याने कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली.
"कासिल्दा," म्हणाला. "जानेवारीत घेतली तिने,
रात्री बारापर्यंत जागून, पुतणीच्या संगणकावर.
म्हणाली, बाल्तासार, रांगेत उभं राहणं
माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही."
मग जरा थांबून:
"नाव बदलता येतं का?
म्हणजे मला बदलायचं नाहीये. नुसतं विचारतोय."

नाव बदलता येत नाही. तसं सांगितलं त्याला.
मागे कुणीतरी घसा खाकरला,
एका पोराचा फुगा सुटला आणि कमानीला जाऊन टेकला.
मी त्याचं तिकीट यंत्राखाली धरलं. हिरवं.
मग तिचं धरलं. हिरवं.
यंत्राला काय, वेळ बरोबर होती.
फिरतं दार एकदा त्याच्यासाठी फिरलं
आणि एकदा मी हाताने फिरवलं.
तो बाजूला सरकून थांबला,
जेवढं एका बाईला पुढे जायला लागतं तेवढं.

संध्याकाळी हिशेब लागेना.
आत गेलेल्यांत आणि बाहेर आलेल्यांत
एकाचा फरक.
फर्मिनने विजेरी घेतली, शिव्या पुटपुटत निघाला.
बारा सिंहांच्या मागे, मर्टलच्या कुंपणाखाली,
हमामाच्या जिन्यात, जिथे छतातल्या चांदण्यांच्या भोकांतून
शेवटचा उजेड सांडत असतो.
माझी पाळी संपलेली. कोटही घातला होता.
सांगता आलं असतं.

अर्ध्या तासाने तो परतला, बुटांना ओली माती.
"कुणीच नाही. पण आकडा म्हणतोय, आहे.
असतात काही जण, पाय निघत नाही त्यांचा.
पुन्हा एक फेरी मारतो."

"सावकाश मार," मी म्हटलं.
"दिवे एकदम घालवू नकोस.
आता रांग नाही."